सीमेचा खटला कोर्टात राहू द्या, पाणी रानात येऊ द्या

डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, सीमेपलीकडची एसटी बंद पडली. त्याच सुमारास कर्नाटकाने तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतच्या हद्दीत सोडले आणि तिकोंडीचा तलाव भरला. ते राजकारणासाठी सोडले, हे आम्हालाही कळते. पण पाणी आले, आणि उताराने आले.

जतच्या पूर्वभागातल्या गावांनी २०१२ साली कर्नाटकात जाण्याची भाषा केली, ती कानडीच्या प्रेमापोटी नव्हे, तहानेपोटी. आपल्याकडे मिरज तालुक्यात म्हैसाळला कृष्णा उचलायची, टप्प्याटप्प्याने चढवत पूर्वेला न्यायची, आणि वीजबिल थकले की पंप बंद. तीच कृष्णा पुढे कर्नाटकात तुबचीला उपसली जाते आणि जतच्या उशाशी येते. उलट उन्हाळ्यात तिकडचे पात्र आटले की कर्नाटक कोयना-वारणेचे पाणी मागते. म्हणजे एकाला हवे ते दुसऱ्यापाशी आहे. २०१९ साली ४ टीएमसीच्या देवघेवीची बोलणी दोन्ही सरकारांत झाली होती. बोलण्यावर रब्बी पेरता येत नाही. किती पाणी, कोणत्या तारखेला, मोजणार कोण आणि शब्द मोडला तर भरपाई काय, हे करारात लिहिलेले हवे.

असा करार म्हणजे सीमेवरचा दावा सोडणे, असे काही पुढारी म्हणतील. दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पाण्याच्या कराराने त्याला बाधा येणार नाही, एवढे एक कलम घातले की झाले. आमदारकीला बाधा येत असेल तर त्याला आमचा इलाज नाही.

विजापूरचा बेदाणा तासगावच्या सौद्याला येतो. अथणीचा आजारी माणूस मिरजेला दवाखान्यात येतो. दोन्हीकडच्या काळ्या रानात तीच मालदांडी उभी असते. गाड्या अडल्या की बुडतो तो माल पिकवणारा. कापूसवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी चोर ठरत होता.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. पाण्याचा लेखी करार, आणि तंटा कितीही पेटला तरी शेतमालाची वाहतूक न अडवण्याची दोन्ही सरकारांची हमी. देखरेखीला अधिकाऱ्यांबरोबर जत, अथणी आणि इंडीचे शेतकरी बसले पाहिजेत. येत्या जिल्हा बैठकीत हा ठराव येईल. त्याचा कानडी मसुदा उमदी-संखकडच्या कार्यकर्त्यांनी तयार करून आणावा.