दोन दिव्यांचा धडा

लोणावळ्याला बाजीच्या घरी पावसात अडकलो होतो. नववीतल्या भाच्याने खाटेखालून एक खोके काढले. आत तळहातावर मावेल एवढे अंतराळयान होते, 'स्टार वॉर्स'मधले मिलेनियम फाल्कन. प्लास्टिकचे बारीक सुटे भाग जोडून त्याने ते स्वतः उभे केले होते.

"मामू, याचं इंजिन पेटवायचंय."

दुल्हेभाई शेजारीच होते. "विज्ञानात काठावर पास, आणि याला यानं पेटवायचीत! दहावी होईपर्यंत हे खोकं माळ्यावर."

त्यांची काळजी खोटी नाही. क्लासची फी ते पोटाला चिमटा काढून भरतात. पण त्या दिवशी जे पाहिले त्यावरून मला वाटते, खोके माळ्यावर टाकणे ही चूक होईल.

भाच्याने इंजिनासाठी पांढरा आणि चालकाच्या जागी लाल असे दोन एलईडी घेतले होते. नऊ व्होल्टची बॅटरी, एक रेझिस्टर आणि त्यालाच दोन्ही दिवे शेजारी-शेजारी जोडलेले. लाल लागला, पांढरा लागेना. नवा पांढरा लावला, तोही मुका. मी पदवीधर, मलाही काही उमजेना. शेवटी छत्री घेऊन आम्ही बाजारात मिक्सर-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेलो.

चाचांनी एकदाच पाहिले. "लाल कमी व्होल्टवर पेटतो, तो पांढऱ्याला वर येऊच देत नाही. दोघांना आपापला रेझिस्टर दे." किती ओहमचा, हे त्यांनी अंदाजाने सांगितले: ४७०.

का, ते चाचांना सांगता येईना. घरी येऊन पोराने पुस्तक उघडले. पांढऱ्या दिव्याला साधारण तीन व्होल्ट लागतात. नवातून तीन गेले, उरले सहा. सहाला ४७० ने भागले की जवळजवळ तेरा मिलिअँपिअर. असा दिवा वीसपर्यंत सोसतो, म्हणजे चाचांचा अंदाज बरोबर. ओहमचा हाच नियम त्याने परीक्षेसाठी पाठ केला होता आणि पेपर देऊन विसरलाही होता.

दिवे लागले, तर सगळे यानच आकाशकंदिलासारखे उजळले! पातळ प्लास्टिकमधून उजेड बाहेर येत होता. मग आतून आधी काळा रंग, त्यावर पांढरा. इंजिनाच्या फटीमागे बटर पेपरची पट्टी, म्हणजे दिव्याचा ठिपका न दिसता सगळी फट सारखी उजळते. तयार लाइटचा संच विकत मिळतो, पण त्यात यातले काहीच शिकायला मिळाले नसते. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतात.

मला अब्बा आठवले. ते कामशेतला मोटारी रिवाइंड करायचे. शाळा चौथीपर्यंत, पण तारेचे वेढे बोटांनी मोजायचे. आम्हाला मात्र दुकानात बसू दिले नाही. "शिका, हात काळे करू नका." आम्ही शिकलो. आज पंख्याचा कंडेन्सर बदलायलाही मी माणूस बोलावतो. आपल्या मोहल्ल्यांत असे मिस्त्री कमी नाहीत. त्यांच्या हातात विद्या आहे, पण तिला आपण 'काम' म्हणतो. पोरांच्या वहीत असते तिला 'विज्ञान' म्हणतो. दोघांची गाठ पडू देत नाही, आणि मग गॅरेजमधला पोरगा स्वतःला अडाणी समजतो, तर पदवीधर पोरगा स्क्रू ड्रायव्हरला घाबरतो.

१९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली गेले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. ज्या पावसाने मुंबईत उजेड पडला, त्याच पावसात वाढलेल्या पोराने दिवा कसा लागतो हे फक्त मार्कांपुरते जाणायचे?

यान पेटवले म्हणून मार्क आपोआप वाढतील, असे मी म्हणत नाही. दुल्हेभाईंना एवढेच म्हणालो, रविवारचे दोन तास द्या आणि काय केले ते त्यालाच वहीत लिहायला सांगा. ते काही बोलले नाहीत. रात्री वीज गेली. अंधारात यानाची निळसर पट्टी तेवढी चमकत होती. दुल्हेभाई ते हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग हळूच पोराला विचारले, "हा रेझिस्टर म्हणजे नक्की काय करतो रे?"

पोरगा सांगू लागला. खोके अजून खाटेखालीच आहे.