यादीत तिथी आहे, नाटक नाही
या आठवड्यात कुडाळात एका दशावतारी मंडळाच्या तारखांची यादी हाती आली आणि मी ती कादंबरीसारखी वाचून काढली. कार्तिकापासून पार पावसाच्या तोंडापर्यंत रात्रीमागून रात्री, गावामागून गाव. तारखेशेजारी तिथी लिहिलेली, कारण इथला हंगाम जत्रा ठरवतात. नाटकांची नावं मात्र नाहीत. आख्यान बऱ्याचदा त्याच दिवशी ठरतं. पेटी, पखवाज, झांजवाले धरून मोजकी माणसं. हाती संहिता नाही. कथेचा सांगाडा ठरला की संवाद उभ्या उभ्या रचायचे, तोंड ज्याचं त्यानं रंगवायचं, लुगडं नेसून द्रौपदीही पुरुषानंच व्हायचं आणि पहाटे दहीकाला झाला की पेटारे भरून पुढचं गाव गाठायचं. एवढी तयारी असलेला नट मला दुसऱ्या कुठल्याच रंगभूमीवर दिसत नाही. माझं भांडण आहे ते आख्यानाआधीचा आड दशावतार उरकण्याच्या घाईशी. गणपती, सरस्वती आणि मग काळ्या वेशातला, मालवणीत बोलणारा, वेद पळवणारा संकासुर! त्याला घाईघाईनं मारून ट्रिकसीनकडे धावणं साफ चूक आहे. धुरातून उगवणारा राक्षस सिनेमातही दिसतो. गावच्या बोलीत गावाला डिवचणारा संकासुर इथेच भेटतो. देवस्थान समित्यांनी नाटक थोडं लवकर उभं करावं. आणि चाकरमान्यांनो, यंदा जत्रेला याल तेव्हा ओटी भरून लगेच परतू नका. संकासुर येण्याआधी जागा धरा आणि दहीकाल्यापर्यंत बसा.