घंटा आणि अंगवळण

इंग्रजीतले रुटीन आणि हॅबिट हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांची कुळे वेगळी. रुटीन सतराव्या शतकात फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी आहे वाट, रुळलेली. हॅबिट कितीतरी जुना. मध्ययुगात त्याचा एक रूढ अर्थ पोशाख, विशेषतः मठवासीयांचा झगा. हा भेद कोशापुरता राहिला असता तर सोडून देता आला असता. पण शिस्त लावू पाहणाऱ्या व्यवस्था वारंवार दिनक्रम लादतात आणि सवय लागली असे समजून चालतात.

मॉन्ते कॅसिनो मठाच्या संत बेनेडिक्टची ही गफलत झाली नव्हती. सहाव्या शतकातल्या त्याच्या नियमावलीत प्रार्थना, श्रम आणि वाचन यांच्या वेळा ऋतुमानाप्रमाणे बांधलेल्या आहेत. पण आरंभी भयापोटी पाळलेले पुढे सवयीने, जणू स्वभावतः घडू लागण्यासाठी नम्रतेच्या बारा पायऱ्या चढाव्या लागतात, हेही तीच सांगते. नंतरच्यांनी वेळापत्रक उचलले, पायऱ्या सोडल्या. १७६९ मध्ये इंग्लंडात एट्रुरियाचा मातीच्या भांड्यांचा कारखाना उघडणाऱ्या जोसाया वेजवुडने घंटा, हजेरी आणि दंड यांच्या बळावर कुंभारांना वेळेवर आणले खरे, तरी जत्रेचे दिवस आले की माणसे निघून जात, आणि सोमवारी काम टाळण्याची ‘संत सोमवार’ ही प्रथा १७९५ मध्ये तो वारल्यावरही त्या मुलखात दशकानुदशके टिकली.

मुंबईने याचे दोन्ही बाजूंचे पुरावे दिले आहेत. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणजे नवा नियम जुन्या श्रद्धेवरच बसला आणि सहज रुजला. उलट १९०६ मध्ये प्रमाणवेळेने शहराची घड्याळे ३९ मिनिटे पुढे ढकलली, तेव्हा गिरण्यांत असंतोष उसळला आणि नगरपालिकेने जुनी ‘मुंबई वेळ’ पुढे अनेक दशके जपली. सूर्याच्या बेताने उठणाऱ्या शहराला हुकमाने लवकर उठवता येते, पण तेवढ्याने ते नव्या वेळेचे होत नाही.

२०२०च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद झाल्या, आणि वर्षानुवर्षांची ‘सवय’ म्हणून मिरवलेले बरेच काही लोकलच्या वेळापत्रकासोबतच विरले. त्या अनुभवाची पुरती चिकित्सा झालीच नाही, आणि मोबाइलवरची अॅप्स सवयी लावून देण्याचा धंदा करतच राहिली. सलग दिवसांचा आकडा वाढत जातो, एक दिवस चुकला की शून्यावर येतो, आणि त्या शून्याच्या धास्तीने माणूस रात्री पावणेबाराला दोन मिनिटांचा धडा उरकतो. वेजवुडला असे यंत्र मिळते तर दंडाची वही त्याने केव्हाच मिटली असती.