उत्तेजक कोणाला म्हणायचे?

पुण्यात वेदशास्त्रोत्तेजक सभा आहे. वसंत व्याख्यानमाला चालवणारी वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था आहे. आमच्या निबंधस्पर्धांमधून तिसऱ्या क्रमांकानंतर आजही 'उत्तेजनार्थ' बक्षीस दिले जाते आणि ते घ्यायला कोणी लाजत नाही. 'उत्' हा उपसर्ग आणि 'तिज्' हा धातू. तीक्ष्ण करणे, धार लावणे हा मूळ अर्थ. वेदविद्येला, वक्तृत्वाला, ग्रंथांना धार यावी म्हणून ज्यांनी या संस्था काढल्या त्यांनी हा शब्द मोठ्या अभिमानाने पाटीवर लिहिला. आज तोच शब्द वर्तमानपत्रात दोनच पानांवर भेटतो: क्रीडापानावर आणि गुन्हेवार्तेच्या पानावर. उत्तेजक घेतले म्हणून कोणा खेळाडूवर बंदी, उत्तेजक इंजेक्शनांचा साठा पकडून कोणाला अटक.

शब्दाचे असे अधःपतन होतच असते, त्यात नवल ते काय, असे भाषाविज्ञान शिकवणारे आमचे सहकारी म्हणतील. नवल नाहीच. आमची तक्रार अर्थपालटाविषयी नाही. या एका शब्दात दोन परस्परविरोधी गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत आणि त्या गोंधळाची किंमत आमच्या वर्गातली मुले शरीराने मोजत आहेत, ही आमची तक्रार आहे. आणि या गोंधळात आम्हा मराठीच्या अध्यापकांचा वाटा आहे, हे मान्य केल्यावाचून पुढे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आमचे बरेच विद्यार्थी पुणे–दौंड लोहमार्गावरच्या गावांतून येतात: यवत, खुटबाव, केडगाव. ऊस आणि गुऱ्हाळांचा हा मुलूख. पहाटे पाचला खुटबावच्या शिवारातल्या रस्त्यांवरून पाहिले तर अंधारात धावणाऱ्या मुलांचे घोळके दिसतात. ही सारी भरतीची मुले. दौंडमधे राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत. खाकी वर्दी हे या पट्ट्यातल्या जिरायत घराचे जुने स्वप्न आहे. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण, त्यांपैकी 20 गुण 1600 मीटर धावण्याला. राखीव दलासाठी तर पाच किलोमीटर. एकेका सेकंदावर एका घराचे भवितव्य टांगलेले असते, हे आम्ही उपरोधाने म्हणत नाही.

त्यांतलाच एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे द्वितीय वर्षाला होता. हुशार, पण पाच मिनिटे एका जागी बसणे कठीण. पुण्यात तज्ज्ञाने तपासून एडीएचडीचे निदान केले आणि मिथिलफेनिडेटची दिवसभर पुरणारी गोळी सुरू केली. त्याने ते विश्वासाने आम्हाला सांगितले. आम्ही काय उत्तर दिले? 'गोळ्या कसल्या घेतोस, मन लावून वाचायला बस.' कादंबरीतल्या पात्राच्या मनाचे पदर उलगडण्यात तासच्या तास घालवणारे आम्ही, समोरच्या जिवंत मनाविषयी एवढेच बोललो. त्यानंतर त्याने कोणाकडेही विषय काढला नाही. तो जिथे सराव करीत होता तिथल्या प्रशिक्षकाकडे तर नाहीच.

एप्रिलमधल्या एका दुपारी चारच्या सरावात तो कोसळला. पुढे जे कळले ते असे. सकाळी गोळी घेतलेली. तिने भूक मरते, म्हणून दुपारचे जेवण टाळलेले. सर्दी होती म्हणून दुकानातून नाक मोकळे करणारी गोळी आणून घेतलेली. वर दोनदा कडक चहा. आणि मैदानावर, त्याच्याच शब्दांत, 'सर, दम लागलाच नाही, एकदम डोळ्यांपुढे अंधार आला.' मुलगा वाचला. पण प्रशिक्षकाचा निकाल लागलीच आला: 'असले काही घेत असशील तर माझ्याकडे येऊ नकोस.' त्याच मैदानाच्या कडेला दुसरी दोन मुले डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळवलेले इंजेक्शन टोचून घेत होती, हे त्या साऱ्यांना ठाऊक होते. त्याला तिथे उत्तेजक म्हणत नव्हते. त्याला 'पॉवर' म्हणत होते.

आमच्या रागाचे कारण हे आहे. ज्याला औषध लिहून दिले आहे तो लपवतो, आणि ज्याला लिहून दिलेले नाही तो मिरवतो.

त्या 'पॉवर'विषयी थोडक्यात. मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो सावरण्यासाठी वापरायचे औषध आहे. ते भूलतज्ज्ञाच्या हातात आणि रुग्णाच्या नाडीवर नजर असतानाच शोभते. पुण्यात आणि जिल्ह्याबाहेरही व्यायामशाळांभोवती त्याची चोरटी विक्री होते आणि पोलीस व अन्न व औषध प्रशासनाला वारंवार छापे घालावे लागतात. निरोगी माणसाने ते टोचून धावणे म्हणजे हृदयाला चाबूक मारणे. याविषयी 'सुरक्षित व्यायाम' असा काही प्रकार नाही, आणि तो विषय आम्ही इथेच संपवतो.

लिहून दिलेल्या औषधाची गोष्ट वेगळी आहे. ती नीट समजून घ्यावी लागते. मिथिलफेनिडेट मेंदूतल्या डोपामाइन व नॉरअॅड्रेनलिनचे कार्य वाढवते, अवधान टिकते. त्याच वेळी नाडी आणि रक्तदाब सरासरीने थोडे वर जातात. ते धोकादायकच आहे काय? 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 12 लाखांहून अधिक मुलांच्या व तरुणांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि हृदयाच्या गंभीर घटनांत लक्षणीय वाढ आढळली नाही. म्हणजे 'गोळी घेतोस तर धावू नकोस' हे अज्ञान आहे. उलट, नियमित व्यायाम अशा मुलांच्या अवधानाला हितकारकच ठरतो.

मग तो मुलगा का कोसळला? याचे एक उत्तर बेल्जियममधल्या एका प्रयोगात सापडते. 2008 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सायकलपटूंना मिथिलफेनिडेट देऊन 30 अंश सेल्सिअस तापमानात सायकल चालवायला लावली. त्यांची कामगिरी सुधारली, शरीराचे आतले तापमान अधिक चढले. पण आपण अधिक तापलो आहोत, अधिक दमलो आहोत, असे त्यांना जाणवले नाही. सारा धोका या न जाणवण्यात आहे. 1967 साली फ्रान्समधल्या माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू भर उन्हात कोसळून मरण पावला, तेव्हा त्याच्या शरीरात अँफेटामाइन व मद्य सापडले होते. तिथे चोरटा वापर होता, आमच्या मुलाकडे रीतसर चिठ्ठी होती. पण उन्हाला चिठ्ठी वाचता येत नाही.

इथे आम्ही आमच्या प्रांतात येतो. थकवा ही शरीराची भाषा आहे. मराठीने ती एकेकाळी बारकाईने ऐकली होती: दम लागणे, दम खाणे, दम धरणे. दम लागला की दम खावा, हे सांगायला वैद्य लागत नव्हता. तालमीतला वस्ताद जोर-बैठकांइतकेच खुराक आणि झोप यांवर लक्ष ठेवी. पण आम्ही मुलांना कोणती मराठी शिकवतो? जिवाचे रान करणे, रक्ताचे पाणी करणे, छाती फुटेस्तोवर धावणे. 'जिद्द' या विषयावर निबंध लिहायला सांगायचा आणि ज्यात शरीर पुरेसे झिजलेले नाही त्याला कमी गुण द्यायचे. शरीर मोडणे हाच जिथे गौरवाचा वाक्प्रचार आहे, तिथे दम लागू न देणारी बाटली विकणाऱ्याला आयते गिऱ्हाईक आम्हीच तयार करतो. आणि ज्याच्या औषधाने दम उशिरा जाणवतो, त्याला 'दमलास तर थांब' हे सांगणे पुरेसे नाही, हे आम्हाला सुचतही नाही.

त्याला दुसरे काही सांगावे लागते. साधे आहे, म्हणून सांगतो. व्यायाम वाढवण्यापूर्वी डॉक्टरला स्पष्ट सांगावे की मी भरतीसाठी धावतो आहे. रक्तदाब व नाडी तपासून घ्यावी. धावताना कधी शुद्ध हरपली असेल, घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर ते न लपवता सांगावे. हृदयाची तपासणी आधी, मैदान नंतर. धावण्यासाठी म्हणून गोळी कधीही वाढवू नये, आणि प्रशिक्षकाच्या धाकाने स्वतःहून बंदही करू नये. भूक नसली तरी घड्याळ पाहून जेवावे. तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. सराव पहाटे करावा. एप्रिल-मेच्या दुपारी करू नये. दमाच्या जाणिवेवर विसंबू नये. मधेच थांबून नाडी मोजावी. चहा-कॉफीचा मारा, व्यायामापूर्वी घ्यायच्या भुकट्या आणि सर्दीची गोळी यांची या औषधाशी परस्पर सांगड घालू नये. छातीत दुखले, धडधड थांबेना, भोवळ आली, तर त्या दिवशीचा सराव तिथेच संपला. तडक डॉक्टरकडे जावे. आणि सोबत धावणाऱ्या एकाला तरी हे सारे ठाऊक असावे.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी आणखी एक. मिथिलफेनिडेट जागतिक यादीनुसार स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. पण खरोखर उपचारासाठी लागणाऱ्या खेळाडूला कागदपत्रांनिशी अर्ज करून सवलत मागता येते. म्हणजे आम्हा भाषेच्या लोकांना जो भेद करता आला नाही, तो नियमावलीने कधीच केला आहे: पदार्थ एकच, पण लपवून घेतला तर लबाडी आणि सांगून घेतला तर उपचार.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच स्टाफरूममधून येईल: हे काम डॉक्टरांचे, मराठीच्या प्राध्यापकांनी त्यात नाक का खुपसावे? उत्तर असे की तो मुलगा डॉक्टरकडे जाऊन आल्यावर आमच्याकडे आला होता. त्याला गोळी मिळाली होती; ती घेतो हे सांगायला शब्द मिळत नव्हता. आमच्या भागात 'औषध मारले' म्हणजे पिकावर फवारणी केली आणि 'औषध प्यायला' म्हणजे जीव दिला. 'गोळ्या खातो' म्हणजे वाया गेला. 'उत्तेजक घेतो' म्हणजे चोर. अशा भाषेत एकोणीस वर्षांच्या मुलाने आपला आजार आणि उपचार कोणत्या वाक्यात सांगावा? ते वाक्य घडवणे, निदान बोलले गेल्यावर ते न चिरडणे, हे भाषाशिक्षकाचे काम नसेल तर आमच्या कामाचे स्वरूप एकदा कोणीतरी आम्हाला समजावून द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक दुष्ट आहे: 'आमच्या काळी असले आजार नव्हते.' होते. त्या मुलांना आम्ही वर्गाबाहेर उभे करीत होतो आणि पुढे ती शाळेच्या पटावरून गळून जात होती. त्यांची नोंद कोठेही नाही, म्हणून ती नव्हती असे म्हणणे सोयीचे आहे.

तो मुलगा आता पहाटे धावतो. औषध चालू आहे, वेळ डॉक्टरांनी बदलून दिली आहे, खिशात त्यांचे पत्र असते आणि शेजारून धावणाऱ्या मित्राला सारे ठाऊक आहे. भरतीत त्याचे काय होईल ते होवो. येत्या निबंधस्पर्धेसाठी आम्ही 'जिद्द' हा विषय काढून टाकला आहे. 'मी थांबलो तो दिवस' असा नवा विषय ठेवला आहे. परीक्षक म्हणून कोण येते ते पाहू.