काढा तो चष्मा!

ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनीच चष्म्याबद्दल सल्ले द्यायचे, असा काहीतरी जुना संकेत असावा. पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी मळवली स्टेशनवर उतरून लोहगडाकडे निघालेला एखादा घोळका बघा. त्यात दोन-तीन चष्मेवाले असतात आणि बाकीचे सगळे त्यांचे सल्लागार. भाजे गाव मागे पडून चढ लागला, की चष्मेवाल्यांच्या काचा पांढऱ्याफटक होतात आणि सल्लागार मंडळ एकमुखाने ठराव पास करतं, "अहो, काढा तो चष्मा! खिशात घाला!"

माझा या ठरावाला विरोध आहे. इतिवृत्तात तसा नोंदवून घ्या.

मी कॉमर्सचा पदवीधर. भौतिकशास्त्राशी माझे संबंध शाळेतच तुटले, आणि ते दोन्ही पक्षांच्या संमतीने तुटले. पण मला भागाकार येतो. माझा नंबर उणे पाच. एक मीटर भागिले पाच म्हणजे २० सेंटिमीटर. चष्मा काढला की मला स्वच्छ दिसतं ते नाकापासून २० सेंटिमीटरपर्यंत. त्यापुढचा सगळा कारभार अंदाजपंचे. आणि माझे पाय, जे गड चढण्याचं प्रत्यक्ष काम करतात, ते माझ्या डोळ्यांपासून चांगले पाच फूट लांब आहेत. आता विसापूरची ती घळीतली वाट डोळ्यांपुढे आणा. पायऱ्यांवरून गुडघ्याएवढं पाणी फेसाळत खाली येतंय, खालची पायरी शेवाळलेली, शेजारचा धोंडा डुगडुगता. आणि हा गृहस्थ मला म्हणतो, चष्मा खिशात घाला! आमच्या बँकेत कोणी 'रक्कम न वाचता सही करा' म्हणालं तर त्याची चौकशी लागते. डोंगरात असल्या माणसाला 'अनुभवी' म्हणतात.

बरं, हे धुकं येतं कुठून, याची तरी चौकशी कोणी केली आहे का? सल्लागारांच्या मते ते ढगातून येतं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा ढगावर आळ घेणं सोपं आहे. काचेच्या बाहेरच्या अंगाला बसतात ते ढगाचेच तुषार, हे कबूल. पण ते बोटाने निपटता येतात, आणि डोक्यावर पुढे लांब झाप असलेली टोपी घातली तर फारसे बसतही नाहीत. छळतं ते आतल्या अंगाचं धुकं. ते घरचं उत्पादन असतं. आपला घाम आणि आपलाच श्वास यांची गरम, दमट हवा गार काचेला लागते आणि तिचं पाणी होतं. पहाटे दुधाची गार पिशवी ओट्यावर ठेवली की तिला जसा घाम फुटतो, तसंच हे.

आणि या उत्पादनाचा कारखाना म्हणजे आपला रेनकोट. पाऊस लागला की सगळे काय करतात? चेन हनुवटीपर्यंत ओढतात, डोक्यावरची टोपी नाडीने आवळतात आणि तस्सेच चढतात. आत प्रेशर कुकर चालू. कुकरला वाफ सोडायला शिटी असते, तशी रेनकोटला कॉलर. आणि कॉलरच्या बरोब्बर वर काय आहे? चष्मा! २०२० साली तोंडाला मास्क आला तेव्हा हेच झालं होतं. मास्कच्या वरच्या कडेतून निसटलेली वाफ काचेवर. त्या वर्षी मला किती समाधान वाटलं म्हणून सांगू! सबंध देशाच्या चष्मेवाल्यांचं दुःख प्रथमच राष्ट्रीय पातळीवर चर्चेला आलं. मग लोकांनी मास्कची नाकावरची तार दाबायला शिकून घेतलं. डोंगरात मात्र कॉलर दोन बोटं सैल करा, चेन छातीपर्यंत उघडा, म्हणून सांगणारा एकही सल्लागार मला भेटलेला नाही. तुम्ही म्हणाल, पाऊस आत जाईल. जाऊ द्या. घामाने भिजायचं की पावसाने, एवढाच प्रश्न असतो, आणि पाऊस तुलनेने स्वच्छ.

दुसरा सल्लागार आमच्या शेजारच्या काउंटरवर बसतो. वय पंचवीस. तो म्हणतो, "काका, कॉन्टॅक्ट लेन्स लावा ना, झंझटच नाही!" मुलगा चांगला आहे, व्हाउचर टॅली करतो, पण डोंगरातला पाऊस आणि लेन्स यांची गाठ घालू नये एवढं त्याला कोणी सांगितलेलं नाही. लेन्स लावलेल्या डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये, असं डोळ्यांचे डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात. नळाच्या, ओढ्याच्या, तळ्याच्या पाण्यात अमिबाची एक जात असते. ती लेन्सखाली अडकली तर बुबुळ खाते, आणि तिचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. लोणावळ्याच्या धबधब्याखाली लेन्स लावून डोकं धरणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

तिसरे सल्लागार दुकानदार. त्यांच्याकडे इवल्याशा बाटलीत फवारा असतो. तो कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचं काम घरातली साबणाची वडीही करते. २०११ साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात दोघा डॉक्टरांनी हेच लिहिलं. मास्क लावून शस्त्रक्रिया करायची, काचा धुरकटतात, तर काय करावं? साबणाच्या पाण्याने चष्मा धुवा, झटका, आपोआप वाळू द्या किंवा मऊ कागदाने टिपा. साबणाचा पातळ थर राहिला की पाण्याचे बारीक थेंब जमत नाहीत, पाणी काचेवर सपाट पसरतं आणि आरपार दिसतं. बास. पावसात हा थर तासा-दोन तासांत धुपतो, म्हणून वडीचा तुकडा खिशात ठेवावा. टूथपेस्टने काच घासण्याचा एक घरगुती उपाय सांगतात, तो मात्र शत्रूलाही सांगू नये. पेस्टमध्ये खरखरीत कण असतात आणि आजकालच्या 'काचा' प्लॅस्टिकच्या. धुकं जाईल, पण ओरखडे जन्मभर राहतील.

सगळ्यांत मोठा गुन्हेगार अजून बाकीच आहे. तो म्हणजे घोळक्याचा लीडर. त्याला अकराच्या आत विंचूकाट्यावर फोटो काढायचा असतो. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हापासून तर त्याच्या छातीला आणखीच हवा लागली आहे. तो पळवतो, आपण घामाघूम होतो, आणि मग तो थांबवतो कुठे? गणेश दरवाजाच्या आडोशाला! पाऊस लागत नाही म्हणून पन्नास माणसं तिथे दाटीवाटीने उभी, सगळी घामेजलेली, सगळी धापा टाकणारी, आणि वाऱ्याचा लवलेश नाही. चालताना निदान वारा काच पुसत होता, आता तोही गेला. दोन मिनिटांत सगळे चष्मे आंधळे. आणि नेमक्या त्याच क्षणी लीडर ओरडतो, "चला, चला!" पुढे ओल्या पायऱ्या.

थांबायचं तर गायमुख खिंडीत थांबावं. तिथे लोहगड आणि विसापूर यांच्या मधून असा वारा सुटतो की चष्माच काय, चष्म्यामागचं डोकंही स्वच्छ होतं. याउलट लोहगडवाडीत चहाला शिरलात तर चुलीच्या वाफेने पुन्हा सगळं पांढरं होणार. तिथल्या एका मावशींनी मी रुमाल काढताच मला दटावलं होतं, "पुसू नका दादा. काचंला जरा ऊब धरू द्या, आपसूक दिसंल." आणि दिसलं! काच गरम झाली की तिच्यावर पाणी धरत नाही, हे मला शाळेत चार वर्षं शिकवूनही कळलं नव्हतं.

लीडर मंडळी सहलीआधी सामानाची यादी पाठवतात. बूट, टॉर्च, कोरडे कपडे, चिक्की, अगदी शिट्टीसुद्धा. चष्म्याचं नाव नाही. त्या यादीत तीन ओळी वाढवा: साबणाचा तुकडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या सुती धोतराचं फडकं, आणि चष्म्याला बांधायची दोरी. शिवाय रांगेतल्या चष्मेवाल्याने हात वर केला की रांग थांबेल, असा नियम करा. काच निवळायला दोन मिनिटं लागतात. मुरगळलेला पाय घेऊन मळवलीपर्यंत उतरायला किती लागतात, ते ज्याच्या खांद्यावर असा माणूस आला असेल त्याला विचारा.

नियम होईपर्यंत मी आपला पायरीच्या मधोमध उभा राहणार, कॉलर उघडून, वाऱ्याकडे तोंड करून. मागचे ओरडतील. ओरडू देत. काउंटरच्या आत बसून वीस वर्षं झाली, रांगेचं ओरडणं मला ऐकूच येत नाही.