बनावट मेल अडवण्याची जबाबदारी बँकांचीही



‘अनोळखी लिंक उघडू नका’ हा सल्ला कोथरूडमधल्या ज्येष्ठ नागरिकांना आता पाठ झाला आहे. सल्ला योग्यच आहे. पण फसवणूक ओळखण्याचा सगळा भार तो सत्तरीतल्या माणसाच्या डोळ्यांवर टाकतो. माझा आक्षेप त्याला आहे.

डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या एका शेजाऱ्यांना मध्यंतरी ‘आजच केवायसी करा, नाहीतर खाते बंद’ असा मेल आला. पाठवणारा म्हणून चक्क त्यांच्याच बँकेचा पत्ता. संगणकावर जीमेल उघडून ‘शो ओरिजिनल’मध्ये हेडर पाहिला. ‘रिटर्न-पाथ’मध्ये भलतेच डोमेन, पाठवणाऱ्याच्या पत्त्याची खातरजमा करणाऱ्या ‘डीमार्क’ तपासणीपुढे ‘फेल’ आणि त्याच ओळीत कंसात ‘पी=नन’. म्हणजे मेल तपासणीत नापास झाला होता. तरीही तो आत आला, कारण ‘नापास मेलवर काहीही कारवाई नको’ अशी नोंद बँकेनेच आपल्या डोमेनवर करून ठेवली होती!

‘फ्रॉम’मध्ये कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो, कारण 1982 सालच्या मूळ ईमेल पद्धतीत पडताळणीच नव्हती. ती उणीव भरून काढायला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे पडताळणीचे उपाय आले. गूगल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना ते बंधनकारकही केले. पण त्यासाठी डीमार्कचे ‘नन’ धोरणही चालते, आणि बऱ्याच संस्था तिथेच थांबतात.

धोरण कडक केले तर खरे मेलही अडकतील, अशी सबब पुढे केली जाते. फॉरवर्ड केलेल्या मेलची अडचण खरी आहे. पण आधी डीमार्कचे अहवाल तपासावेत, मग ‘क्वारंटाइन’ (नापास मेल स्पॅममध्ये) आणि शेवटी ‘रिजेक्ट’ (थेट नकार), असा टप्प्याटप्प्याचा मार्ग आहेच. भामट्याने स्वतःचे वेगळे डोमेन घेतले तर तो ही तपासणी पास होईल, हेही मान्य. तिथे डोळेच हवेत. निदान बँकेच्या नावाने येणारा खोटा पत्ता तरी दारातच अडला पाहिजे.

रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर जायला सांगितले, हे स्वागतार्ह आहे. पण ग्राहकांच्या ओळखीचा पत्ता अजून जुनाच आहे, त्यामुळे जुन्या डोमेनवरही ‘रिजेक्ट’ लावायला हवे. डोमेनवरची ही डीमार्कची नोंद सार्वजनिक असते, कोणालाही पाहता येते. पुण्यातल्या सहकारी बँकांच्या आणि पतसंस्थांच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत ती काय आहे, हे संचालकांना जरूर विचारावे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे