पाच वर्षांत न मावणारे काम

आज १६ एप्रिल, माजी पेट्रोलियममंत्री राम नाईक यांचा जन्मदिवस. १९३४ साली सांगलीत जन्मलेले, आटपाडीत शिकलेले आणि पुण्याच्या बीएमसीसीतून पदवी घेऊन महालेखापालांच्या कार्यालयात नोकरीला लागलेले नाईक १३ ऑक्टोबर १९९९ रोजी वाजपेयी मंत्रिमंडळात पेट्रोलियम खात्याचे मंत्री झाले. मे २००४ पर्यंत ते खाते त्यांच्याकडेच राहिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. गौरव झाला, तो यथायोग्यच झाला. पण ऊर्जेचे काम सत्कारात पूर्ण सांगून होत नाही. कुठल्या गावापर्यंत काय पोचले, यावरून ते जोखावे लागते. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावसारख्या गावातून तो हिशेब स्पष्ट दिसतो.

नाईक मंत्रालयात गेले तेव्हा घरगुती गॅससाठी एक कोटी दहा लाख कुटुंबे प्रतीक्षा यादीत होती. ‘गॅसला नंबर लावलाय’ हे वाक्य तेव्हा घराघरात होते. लग्न ठरले की आधी नंबर लावायचा, मग वर्षानुवर्षे रॉकेलच्या स्टोव्हवर भागवायचे. खासदारांकडे जोडणीची कुपने असत आणि ती मिळवण्यासाठी लोक त्यांच्या दारात उभे राहत. पुढच्या साडेचार वर्षांत ही यादी संपली आणि सुमारे साडेतीन कोटी नव्या जोडण्या दिल्या गेल्या. कमी मिळकतीच्या घरांना परवडावा म्हणून पाच किलोचा सिलिंडर आला. चूल फुंकून डोळे चुरचुरलेल्या बाईला हे कुणाच्या शिफारशीविना मिळाले, ही या कारकिर्दीची सर्वांत मोठी जमेची बाजू.

नैसर्गिक वायूचा हिशेब मात्र एका माणसाच्या नावावर लिहिता येत नाही. पेट्रोनेट एलएनजी ही कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली. कतारकडून द्रवरूप वायू घेण्याचा करार जुलै १९९९ मध्ये, म्हणजे नाईक मंत्री होण्याआधी झाला होता. गुजरातेत दहेजचे टर्मिनल त्यांच्या काळात उभे राहिले आणि २००४ च्या प्रारंभी तिथे पहिले जहाज लागले. त्याच वर्षी लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत अभिनेते गोविंदा यांनी नाईकांचा पराभव केला. दहेजहून उरण, पनवेल आणि पुढे दाभोळपर्यंत जाणाऱ्या वाहिनीतून वायू वाहू लागला तो २००७ मध्ये, दुसऱ्याच सरकारच्या कारकिर्दीत. एकाने करार केला, दुसऱ्याने बांधले, तिसऱ्याने नारळ फोडला. यातल्या कुणीही आधीच्याचे काम मोडले नाही, म्हणूनच महाराष्ट्रात वायू आला. शेजारीच दाभोळचे उदाहरण आहे. तिथला वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि एलएनजी टर्मिनल सुरू व्हायला २०१३ उजाडले. करार चुकला आणि धोरणाला सातत्य राहिले नाही, की एवढी वर्षे वाया जातात.

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला जवळचा विषय इथेनॉलचा. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांतले दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला होते. १ जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. पुढे ही योजना अनेक वर्षे रखडली. दहा टक्क्यांचा टप्पा गाठायला २०२२ साल यावे लागले, मग वीस टक्क्यांची मजल मात्र तीनच वर्षांत मारली गेली. घोड आणि भीमेच्या काठचा ऊस इंधनाच्या टाकीत जाऊ शकतो, हा विचार त्या मिरज-मनमाडच्या प्रयोगातून रुजला. मात्र उसाला लागणाऱ्या पाण्याचा आणि शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या दराचा प्रश्न अजून सुटलेला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

हिशेबाला दुसरी बाजूही आहे. पेट्रोलपंप आणि गॅस एजन्सी राजकीय लागेबांध्यांवर वाटल्याचा आरोप २००२ मध्ये झाला. खुद्द पंतप्रधानांनी तीन हजारांहून अधिक वाटप रद्द केले. सरसकट रद्द करणे सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले, पण वादग्रस्त प्रकरणांच्या चौकशीसाठी निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली. जोडणीची रांग मोडणाऱ्या खात्यावरच वाटपाचा हा डाग लागावा, हे दुःखद होते.

आता रांजणगावकडे पाहू. महागणपतीचे हे गाव आज एमआयडीसीचेही गाव आहे. इथे मोटारी बनतात, फ्रिज बनतात. रंगकामाच्या ओव्हनला आणि बॉयलरला दिवसरात्र उष्णता लागते. ती फर्नेस ऑइलमधून घ्यायची की वायूमधून, यावर इथली हवा ठरते. शेजारच्या शिक्रापूरला एलपीजी भरण्याचा प्रकल्प आहे आणि उरणहून निघालेली एलपीजीची वाहिनी चाकणमार्गे तिथवर येते, म्हणजे तेवढे टँकर घाटातून कमी झाले. सीएनजीचे चित्र वेगळे आहे. जो पंप वाहिनीला जोडलेला नाही, तिथे सिलिंडरांची चळत लादलेला ट्रक येतो, त्याला सगळे कॅस्केड म्हणतात. एकेक गाडी भरत जाते तसा त्यातला दाब उतरतो. मागचा रिक्षावाला तासभर थांबतो आणि त्याची टाकी अर्धीच भरते. पुढचा ट्रक नगर रोडच्या कोंडीत अडकला, की ‘गाडी आली नाही’ एवढेच उत्तर मिळते. वाहिनी पंपाशी पोचली की हा खोळंबा मिटतो.

पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ जिल्ह्याजिल्ह्यांत वायू वितरणाचे परवाने देते, तेव्हा किती घरे जोडायची, किती पंप उभारायचे, किती वाहिनी टाकायची, याचे किमान लक्ष्यही ठरवून देते. शिरूर-दौंडच्या आमदार-खासदारांनी ते लक्ष्य आणि झालेले काम दरवर्षी गावनिहाय लोकांसमोर ठेवावे. खोदलेला रस्ता कधी बुजणार आणि शेतातून वाहिनी गेली तर मोबदला किती, हेही त्यात असावे. आपणही मत मागायला येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा : आधीच्याने सुरू केलेले कोणते काम तुम्ही पूर्ण केलेत, आणि पुढच्यासाठी कोणते सुरू करून ठेवलेत?